जिनिंगचा फोन इंटरनेटवर नेताना: आधी वीज, मग वायर, सगळ्यात शेवटी फोन

प्रश्न थोडक्यात असा आहे. आर्वीकडच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये पंधरा-सोळा वर्षांचा जुना ईपीएबीएक्स आहे, म्हणजे आतले फोन एकमेकांशी आणि बाहेरच्या लाइनशी जोडणारा डबा. दोन लँडलाइन, अकरा एक्स्टेंशन. पाऊस आला की लाइनवर खरखर, कधी चार-चार दिवस डायलटोनच नाही. नागपूरहून एकानं कोटेशन दिलंय: जुनं सगळं काढा, बारा आयपी फोन (नेटवर्कच्या वायरवर चालणारे), नवा स्विच (नेटवर्कच्या वायर एकत्र जोडणारा डबा), नवी वायरिंग, छोटा सर्व्हर. मालकांचा पुतण्या विचारतो, हे करावं का, जुना नंबर राहील का, आणि लाइन गेल्यावर काय?

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न मी पहिला घेतो, कारण बाकीची सगळी उत्तरं त्याच्यावर उभी आहेत. आपल्याकडे ‘लाइन गेली’ म्हटलं की वीज गेली, हे लहान पोरालाही कळतं. फोनचं तिच्यावर काही अडत नव्हतं. लँडलाइनच्या साध्या डब्याला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून त्याच तांब्याच्या जोडीवरून यायचे. तुमचा ईपीएबीएक्स बंद पडला तरी त्यात पॉवर फेल ट्रान्सफर असेल तर पहिली लाइन थेट एका ठरावीक फोनवर पडते. बहुधा तो मुनीमजींच्या टेबलावरचा असेल. वादळात गावभर अंधार असला तरी तो वाजतो. इंटरनेटवर गेलात की ते ४८ व्होल्ट तुम्ही परत करता. त्या दिवसापासून फोनची वीज तुमची तुम्हालाच पाहावी लागते.

हे मी अंगावर काढलेलं सांगतो. काही वर्षांपूर्वी मृगाच्या तोंडावर मी एका कृषी केंद्राचा फोन एका दिवसात इंटरनेटवर नेला. सकाळी फोन बसवले, दुपारी जुनी लाइन सरेंडर करायचा अर्ज दिला. आठवडा झाला नसेल, वादळ आलं, खांब पडले, दीड दिवस वीज नाही. राउटरला लावलेला छोटा यूपीएस चाळीस मिनिटांत संपला. पेरणीचे दिवस. बियाणं आलं का हे विचारायला कास्तकार फोन करत होते. जुना नंबर बंद झालेला, नव्याला वीज नाही. “नंबर बंद केला का बाप्पा तुम्ही?” म्हणून लोक मोटरसायकलवर दुकानात येत होते. तो नंबर बावीस वर्षांचा होता. कापडी थैल्यांवर छापलेला, घराघरात भिंतीवर खडूनं लिहिलेला. मी परत मिळवायला फार खटपट केली, मिळाला नाही. त्या मालकांनी मला एका शब्दानं बोलून दाखवलं नाही, पण मला ते अजून लागतं. तेव्हापासून माझा क्रम पक्का आहे: आधी वीज, मग वायर, सगळ्यात शेवटी फोन.

तर कोटेशन बाजूला ठेवा आणि ऑफिसातल्या इन्व्हर्टरपाशी चला. फायबरचा डबा, राउटर, एक छोटा स्विच, एक गेटवे (तो काय ते पुढं सांगतो) आणि दोन आयपी फोन, हे सगळं मिळून ढोबळ मानानं ५० वॉट खातं. १२ व्होल्टची १५० एएच बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. त्यातले निम्मेच वापरायचे, इन्व्हर्टर स्वतः खातो तेही वजा करायचं, तरी दहा-बारा तास निघतात. अट एकच: त्या बॅटरीवर दुसरं काही नको. पंखा, कूलर, संगणक काही नको. ‘एक पंखा तर लावला’ असं म्हणत म्हणत बारा तासांचे तीन होतात. आणि इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस आणि नॉर्मल असं बटण असतं, ते यूपीएसवर ठेवा. नॉर्मलवर वीज जाताना जो क्षणभराचा खंड पडतो त्यात ट्यूबलाइटचं काही बिघडत नाही, पण राउटर परत सुरू होतो आणि दोन-तीन मिनिटं फोन मुके. आपल्याकडे दिवसातून दहा वेळा लाइन डोळा मारते, म्हणजे दहा वेळा हे होणार.

तुमच्या टोकाची वीज झाली. दुसऱ्या टोकाचं काय? ज्याच्याकडून फायबर घेणार त्याला एकच प्रश्न विचारा: तुमच्या ऑफिसपासून माझ्या डब्यापर्यंत मध्ये कुठं वीज लागणारी पेटी आहे का? जीपॉन पद्धतीच्या फायबरमध्ये खांबावरचा, एक फायबर अनेकांना वाटून देणारा स्प्लिटर नुसता काचेचा असतो, त्याला वीज लागत नाही. पण गावाकडं बऱ्याच ठिकाणी अजून खांबावर स्विच नाहीतर कन्व्हर्टर टांगून, कुणाच्या तरी पानठेल्यातून किंवा घरातून त्याला वीज दिलेली असते. तिथली लाइन गेली की तुमची बॅटरी कितीही भरलेली असू द्या, फोन गेला. उत्तर ऐकून समाधान मानू नका. वीज गेलेली असताना त्यांच्याच दुसऱ्या एखाद्या ग्राहकाकडं जा आणि राउटरवर नेट चालू आहे का ते डोळ्यांनी बघा.

आता वायर. कोटेशनमधली मला सगळ्यात न पटलेली गोष्ट म्हणजे नवी वायरिंग. तुम्ही लिहिलंय की वजनकाटा गेटपाशी, ऑफिसपासून पावणेदोनशे मीटरवर आहे आणि प्रेस हॉल त्याच्याही पुढं. नेटवर्कची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच खात्रीनं चालते. त्यापुढं मध्ये स्विच बसवावा लागतो, त्या स्विचला वीज द्यावी लागते, आणि जिनिंगच्या शेडमध्ये स्विच म्हणजे महिन्याभरात रुईची धूळ भरलेला डबा. तुमची आत्ताची फोनची जोडी मात्र ते अंतर हसत पार करते. ती काढू नका.

त्याऐवजी ऑफिसात आठ पोर्टचा एफएक्सएस गेटवे बसवा. हा डबा एका बाजूनं नेटवर्कला जोडतो आणि दुसऱ्या बाजूनं साध्या फोनला डायलटोन देतो. तुमच्या एमडीएफवर, म्हणजे फोनच्या सगळ्या जोड्या जिथं येऊन मिळतात त्या पेटीत, क्रोनचे मॉड्यूल (वायर दाबून बसवायच्या पट्ट्या) असतील. ज्या जंपर वायर आत्ता ईपीएबीएक्सच्या एक्स्टेंशन कार्डावरून येतात, त्याच गेटवेवरून आणायच्या. काट्यावरचा, चौकीदाराचा, रेच्याजवळचा (सरकी काढायच्या यंत्राजवळचा), प्रेसचा फोन जिथं आहे तिथंच, तोच जुना डबा, तीच वायर. काटेवाल्याला काही बदललंय हे कळणारही नाही. धुळीत आणि उन्हात तो साधा फोन कुठल्याही आयपी फोनपेक्षा जास्त टिकतो, आणि बिघडला तर दुसरा स्वस्तात मिळतो. आयपी फोन दोनच घ्या, एक मालकांना, एक मुनीमजींना. बाराचे दोन झाले.

एमडीएफ उघडलाच आहे तर अर्थिंग बघून घ्या. आपल्याकडच्या वळवाच्या विजांनी मी जळालेली एक्स्टेंशन कार्डं पाट्या भरून पाहिली आहेत. फायबर आली म्हणजे बाहेरून तांब्यावरून येणारा झटका संपला, हा मोठा फायदा आहे. पण आवारातल्या लांब जोड्या अजून तांब्याच्याच आहेत, म्हणून मॉड्यूलवर सर्ज प्रोटेक्टर बसवून त्यांना अर्थ द्या, आणि मीठ-कोळशाच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी टाका. कोरडा खड्डा असून नसल्यासारखा. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत नेटवर्क न्यायचंच झालं तर तांब्याची केबल नको, फायबर टाका. वीज जवळ पडली तर तांब्यावरून दोन्हीकडची यंत्रं जातात.

डबे कुठं ठेवायचे यावरही भांडणं होतात. बहुतेक राउटर-स्विचवर ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. आपला मे ४५ च्या पुढं जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. म्हणून ऑफिसात, भिंतीवर, आतल्या बाजूला. पण कूलरच्या झोतात नको. तो दमट वारा सॉकेटच्या पितळेवर हिरवा थर आणतो आणि मग पावसाळ्यात कुठला फोन का बंद पडतो ते सापडत नाही. पंखा नसलेला स्विच घ्या, पंखा रुई ओढतो.

जुन्या नंबरबद्दल. आपल्या देशात एका कंपनीचा नंबर दुसऱ्या कंपनीकडं न्यायची सोय मोबाइलला आहे, २०११ पासून देशभर. लँडलाइनला ती नाही. त्यामुळं कोणी ‘तुमचा हाच नंबर आमच्याकडे आणून देतो’ म्हणालं तर आधी लेखी मागा. तुमच्यापुढं खरा मार्ग आहे तो असा: आत्ता ज्या कंपनीची लँडलाइन आहे, तिच्याचकडं ‘तांब्यावरून फायबरवर रूपांतर, नंबर तोच’ असा अर्ज द्या. त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत हे सहसा होतं. अर्जात ‘सरेंडर’ हा शब्द कुठंही येऊ देऊ नका. आणि दोन्ही नंबर एका दिवशी हलवू नका. जो कमी वाजतो तो आधी, मुख्य नंबर महिनाभरानं.

इथं एक पायरी बहुतेक लोक ओलांडून जातात. नंबर फायबरवर आला की त्यांच्या डब्याला मागे एक फोनचं पोर्ट असतं. त्यातून साधी वायर काढून तुमच्या जुन्या ईपीएबीएक्सच्या ट्रंक पोर्टमध्ये, म्हणजे जिथं आत्ता बाहेरची लाइन लागते तिथं, लावा. झालं. खरखर संपली, ईपीएबीएक्स तोच, अकरा फोन तेच, खर्च जवळपास नाही. इंटरनेट फोनच आहे हा, फक्त तुमच्या आवारात त्यानं जुनेच कपडे घातलेत. पुढच्या गेटवेच्या पायरीवर जायची घाई नसेल तर एक अख्खा हंगाम यावरच काढा, मी तर म्हणेन काढाच. दोन खोड्या निघतील. फोन करणाऱ्याचा नंबर दिसला नाही तर: कॉलर आयडी पाठवायच्या दोन पद्धती आहेत, डीटीएमएफ आणि एफएसके; ईपीएबीएक्समध्ये एक लावलेली असेल तर दुसरी करून बघा. आणि समोरच्यानं फोन ठेवल्यावरही लाइन अडकून राहत असेल तर बिझी टोन ओळखला जात नाहीये. आपल्याकडचा तो टोन ४०० हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद चालू, पाऊण सेकंद बंद असा आहे. ईपीएबीएक्सची देशाची सेटिंग भारत आहे का पाहा. पुढं कधी लँडलाइन गेटवेवर घेतली तर तिथंही हेच बघायचं.

गेटवे आल्यावर कॉलचे जास्त चॅनेल हवे असतील तर सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी, एकदम अनेक कॉल चालणारी लाइन) घ्या, पण परवाना असलेल्या टेलिकॉम कंपनीकडूनच. इंटरनेटवरून साध्या फोन-मोबाइलला कॉल करण्याची सोय परवानाधारक कंपन्यांना २०१८ मध्ये खुली झाली. परवाना नसलेल्या स्वस्त परदेशी खात्यांच्या नादी लागू नका. आणखी एक, तळमळीनं सांगतो: कोणी येऊन म्हणालं की ‘तुमच्या ऑफिसात आमचा सिमकार्डांचा डबा ठेवा, नेट तुमचं, महिन्याला भाडं देतो’, तर त्याला गेटच्या आत घेऊ नका. परदेशातले कॉल स्थानिक सिमवरून वळवणारा सिमबॉक्स असतो तो, गुन्हा आहे, आणि पोलीस ज्याच्या जागेत डबा सापडतो त्याच्यापासून सुरुवात करतात.

नेटचा स्पीड किती लागतो हे तुम्ही दोनदा विचारलंय. फार लागत नाही. जी.७११ कोडेकवर (कोडेक म्हणजे आवाज नेटवर पाठवण्याजोगा करायची पद्धत) एका कॉलला दोन्ही बाजूंनी साधारण ८७ केबीपीएस लागतात. पाच कॉल एकदम चालले तरी अर्ध्या एमबीपीएसच्या आत. अडचण येते ती नेट एकसारखं नसल्यानं. आवाज एका बाजूनं पोचायला १५० मिलिसेकंदांच्या आत वेळ लागावा आणि पॅकेट (आवाजाचे नेटवरून जाणारे तुकडे) शंभरात एकाहून कमी हरवावीत. हे सकाळच्या स्पीड टेस्टवर कळत नाही.

एका डाळ मिलमध्ये रोज अकराच्या सुमारास आवाज तुटायचा. बाकी दिवसभर काचेसारखा साफ. मी तीन फेऱ्या मारल्या, कोडेक बदलला, केबल बदलली. चौथ्या वेळी शेजारी बसून राउटरवरचे दिवे बघत राहिलो. अकराला अपलोडचा दिवा नुसता धडधडायला लागला. मालक नागपूरला असले की त्या वेळी मोबाइलवर बसून सोळाही कॅमेरे एकदम उघडायचे. सगळं अपलोड कॅमेऱ्यांनी खाल्लं, फोनला उरलं नाही. राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटला पहिला मान दिला, कॅमेऱ्यांच्या अपलोडला मर्यादा घातली, त्या दिवशी प्रश्न संपला. तुमच्याकडंही कॅमेरे आहेत, तेव्हा हे पहिल्याच दिवशी करून घ्या. त्याच वेळी राउटरमधलं सिप एएलजी, म्हणजे इंटरनेट कॉलच्या पत्त्यांत फेरफार करणारी सोय, बंद करा. नाव मदतीचं आहे, पण ‘मला ऐकू येतं, त्याला येत नाही’ अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा तेच असतं.

नंबरांची रचना बदलताना दोन गोष्टींत लोक फसतात. तुमची एक्स्टेंशन १०१ पासून आहेत. १०१ अग्निशमनचा नंबर आहे, १०८ रुग्णवाहिकेचा. रुईच्या गंजीला आग लागली आणि चौकीदारानं १०१ फिरवलं तर ते कॅन्टीनमध्ये वाजता कामा नये. एक्स्टेंशन २०१ पासून करा आणि १०१, १०८, ११२ हे आधी शून्य न लावताही थेट बाहेर जातील असं बसवा. दुसरं, १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावं लागतं. ईपीएबीएक्समध्ये बाहेरच्या लाइनसाठी तुम्ही आधीच शून्य दाबता. म्हणजे शून्य-शून्य. लोक विसरतात आणि ‘फोन लागूनच नाही राहिला’ म्हणतात. नव्या यंत्रणेत दहा आकडी नंबर कसाही फिरवला तरी तिनं स्वतः नीट करून पुढं पाठवावा, ही दोन ओळींची सेटिंग आहे. ज्याच्याकडून काम करून घ्याल त्याच्याकडून ती करवून घ्या.

परदेशी कॉल कंपनीकडूनच बंद करून ठेवा. एक्स्टेंशन २०१ आणि पासवर्डही २०१ असे फोन चोरटे शोधतच असतात. शनिवारी रात्री घुसून सोमवारपर्यंत हजारो रुपयांचे आंतरराष्ट्रीय कॉल करतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. ५०६० पोर्ट, म्हणजे इंटरनेट फोनचं दार, सगळ्या जगाला उघडं ठेवू नका, फक्त तुमच्या कंपनीच्या पत्त्याला ठेवा.

फायबर तुटणार हे धरून चला. रस्त्याच्या कामात जेसीबीचा एक दात लागतो आणि दोन दिवस जातात. दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोर-जी राउटर जोडून ठेवा, पण त्यावर सगळी भिस्त नको, कारण बराच वेळ वीज गेली की टॉवरही झोपतो. कंपनीला सांगून ठेवा की तुमची यंत्रणा पोचत नसेल तर मुख्य नंबरचे कॉल आपोआप मुनीमजींच्या मोबाइलवर वळावेत. ही सोय घेतली असती तर त्या कृषी केंद्राचा जून वाचला असता.

‘मराठीसाठी एक दाबा’ वगैरे लावायचं का? माझं मत विचाराल तर नको. भाव विचारायला कास्तकार फोन करतो तेव्हा तो बैलगाडीशेजारी किंवा ट्रॅक्टरवर उभा असतो. त्याला माणसाचा आवाज हवा. मुनीमजींच्या फोनवर वाजू द्या, पाच रिंग वाजेपर्यंत उचलला नाही तर मालकांकडं जाऊ द्या. कॉल रेकॉर्डिंग मात्र जरूर ठेवा, सौद्याचे कॉल तोंडी होतात आणि नंतर वाद होतात. फक्त रेकॉर्ड होतंय हे समोरच्याला आधी सांगा. फॅक्स अजून वापरत असाल तर तो बंद करून कागद मोबाइलवर पाठवा. इंटरनेट लाइनवर फॅक्स कधी जातो, कधी नाही.

वेळ अशी धरा. गाड्या थांबल्या की मे महिन्यात वीज आणि अर्थिंग. जूनच्या आत पहिला नंबर फायबरवर, म्हणजे वळवाच्या विजा आणि पहिला पाऊस यातच त्याची परीक्षा होते. मुख्य नंबर जुलैत. गेटवे बसवायचाच असेल तर पोळ्याच्या आत. दसऱ्यानंतर, गाठी बांधायला सुरुवात झाली की कोणी कितीही आग्रह केला तरी एका वायरला हात लावू द्यायचा नाही. आणि जुना ईपीएबीएक्स भंगारात देऊ नका; एक पूर्ण हंगाम तो एमडीएफशेजारी, जोडायला तयार असा राहू द्या.

आजच्या आज करायचं ते एवढंच: एक वही घ्या. पंधरा दिवस वीज केव्हा गेली, केव्हा आली ते चौकीदाराकडून लिहून घ्या, आणि त्याच वेळी शेजारच्या ज्याच्याकडं फायबर आहे त्याचं नेट चालू होतं का तेही. वहीच्या पानांचा आणि एमडीएफ उघडून आतला असे दोन फोटो पाठवा. बॅटरी केवढी घ्यायची आणि कोणते आठ फोन गेटवेवर घ्यायचे, ते मी त्यावरून सांगतो.